सरकलेली गाठ

मायरन टॉस्टाडचे डोळे अजून गेले नव्हते, पण गव्हातला खडा वेचण्याच्या लायकीचे राहिले नव्हते. बोटांना तर थंडीत काहीच कळेनासं झालं होतं. हे त्याच्या मासेमारीच्या सोबत्याला, ऑर्डेलला, नाताळातच दिसलं होतं. आणि ऑर्डेल गप्प बसला होता.

गावचं तळं गोठलं की दोघं मायरनचं लाकडी खोपटं ओढत बर्फावर नेत, गिरमिटाने दोन भोकं पाडत, शेगडी पेटवत आणि आपापल्या भोकात गळ सोडून वाकून बसत. मासा ब्लूगिल. तळहाताएवढा, खायला गोड, हिवाळ्यात सुस्त आणि संशयी. त्याला गळ लागतो तांदळाच्या दाण्याएवढा, डोक्याला शिशाचा थेंब, शेपटाला अळी. हा गळ पाण्यात आडवा राहायला हवा, पोहणाऱ्या किड्यासारखा. दोरीची गाठ गळाच्या नेढ्यावर बरोबर बसली तरच तो आडवा राहतो. मासा ओढून काढला की गाठ सरकते आणि गळ फाशी दिल्यासारखा उभा लटकतो. मासा वर येतो, बघतो आणि निघून जातो. म्हणून दर माशामागे गाठ नखाने जागेवर सारायची. तिथली पोरं हे शाळेत जायच्या आधी शिकतात.

मायरनचा गळ, कुठलाही बांधला तरी, सगळा जानेवारी उभा लटकत होता.

त्याने मनाशी धरलं की खोट रंगात आहे. लवॉनच्या दुकानातून गुलाबी गळ आला. मग अंधारात चमकणारा हिरवा. लवॉन म्हणाली, आभाळ भरलेलं असताना जांभळ्याला तोड नाही, जांभळाही आला. शेजारच्या खोपटातला ड्वेन येऊन काळ्या ठिपक्यांच्या पिवळ्यावर तासभर बोलून गेला आणि जाताना मायरनची कॉफीही पिऊन गेला. सगळे रंगावर बोलले. त्यातल्या निम्म्यांना तो लटकता गळ धडधडीत दिसला होता. पण दुसऱ्याच्या दोरीला हात लावणं म्हणजे त्या तळ्यावर जाणत्या माणसाला घास भरवणं. तसं कुणी करत नाही. तिथे माणूस बुडताना दिसला तरी आधी हवापाण्याची चौकशी करतील. याला ते सभ्यपणा म्हणतात. भ्याडपणाला इतकं स्वच्छ धुतलेलं नाव दुसऱ्या कुठल्या मुलखात मिळायचं नाही.

मायरनची लेक जॅनिस त्याला ॲरिझोनाला बोलावत होती. तिकडे ऊन, तिकडे मोकळी खोली. तो दरवर्षी तिला उडवून लावायचा. या वर्षी ऑर्डेलला म्हणाला, मासाच लागत नसेल तर इथे कुल्ले गोठवत कशाला बसायचं? आठवडाभर बघतो, नाहीतर खोपटं विकून टाकतो.

ऑर्डेलने मान डोलावली. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात बोलणारा एक रेडिओ होता. खोपटं गेलं तर हिवाळाभर तोच. हे सगळं समजत असून तो आणखी काही दिवस गप्प राहिला, आणि एकदा तर त्याने स्वतः नारिंगी रंग सुचवला.

शुक्रवारी दुपारी मासे दाखवणाऱ्या यंत्रावर लाल रेघ उठली. मायरनच्या गळापर्यंत आली, थबकली आणि पुन्हा खाली गेली. मग दुसरी. तीही तशीच. मायरनने दोरी वर घेतली आणि डबीत नवा रंग चाचपू लागला. नारिंगी.

"रंग नाही रे," ऑर्डेल म्हणाला. "गाठ."

मायरनचा हात डबीतच थांबला.

"तुझा गळ उभा लटकतो. तुला दिसत नाही."

"कधीपासून?"

"नाताळपासून."

मायरनने डबीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "आणि तू मला नारिंगी घ्यायला लावलास."

मायरनने गळाची काठी ऑर्डेलपुढे केली. ऑर्डेलने हातमोजा काढला, नखाने गाठ जागेवर बसवली, काठी परत दिली. गळ खाली गेला. लाल रेघ उठली आणि या वेळी थबकली नाही. काठीच्या टोकाची, मासा चावला की हलणारी तार जराशी वाकली. मायरनने मनगट उचललं. रुंद पाठीचा, छातीला तांबूस झाक असलेला ब्लूगिल बर्फावर येऊन फडफडला.

"झालं तर मग," ऑर्डेल म्हणाला. त्याला हसू आवरेना. "आता कसलं ॲरिझोना?"

मायरनने मासा बादलीत टाकला.

"खोपटं काल ड्वेनला विकलं," तो म्हणाला. "जॅनिस रविवारी न्यायला येतेय." त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर ऑर्डेलला बरं वाटलं असतं. "परवा बोलला असतास तरी चाललं असतं, गाढवा."

गाठ पुन्हा सरकली होती. मायरनने काठी पुढे केली, ऑर्डेलकडे न बघता. मासे त्या दुपारी भुकेले होते. अंधार पडेपर्यंत काठी पुढे येत राहिली आणि ऑर्डेल उघड्या, लाल पडलेल्या बोटांनी गाठ सारत राहिला. हवेबद्दल कुणी काही बोललं नाही.