बोगद्याच्या अलीकडे

अब्दिलासने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, खाली उतरला आणि मागच्या चाकाला लाथ मारून पाहिली. मग दुसऱ्याला. सुसामिरचं पठार मागे पडल्यापासून ही तिसरी वेळ.

"अका, चाकं चारच आहेत," पुढच्या सीटवरचा प्रवासी एरमेक खिडकीतून म्हणाला. "मघाशी होती तशीच आहेत. आठला माझं विमान आहे."

"तपासलेलं बरं. वर घाटात बर्फ असेल."

"मे महिन्यात?"

अब्दिलासने दोन बोटं मनगटावर ठेवली आणि नाडी मोजायला सुरुवात केली. चाळिसापर्यंत जाऊन आकडा चुकला. मागच्या सीटवरून सायराकान आपा त्याच्याकडेच बघत होत्या. त्याने हात खिशात घातला.

"कुणाचा फोन आला होता का रे?" आपांनी विचारलं.

"नाही, आपा. इथे रेंज कुठली?"

"तोक्तोगुलला चहाला थांबलो तेव्हा आला होता. तू लांब जाऊन बोललास."

"बायकोचा होता."

आपांनी नजर हलवली नाही. सत्तरीच्या या बाईला सकाळी भाच्याने गाडीत बसवून दिलं होतं. राजधानीत तुमच्या भावाचा, शेरमातचा रक्तदाब वाढलाय, ताईला बोलवा म्हणतोय, एवढंच त्याने तिला सांगितलं होतं. मग अब्दिलासला भिंतीआड नेऊन म्हणाला, "मामा पहाटेच गेले. तिकडे सगळे जमलेत. मोठी माणसं रीतीने ऐकवतील तिला, तुम्ही वाटेत काही बोलू नका. आणि नाही म्हणू नका, अका, गावात आज दुसरी गाडी नाही."

मयताच्या कामाला नाही कसं म्हणायचं? पण अब्दिलास फेब्रुवारीपासून घाटातल्या बोगद्यापलीकडे गेला नव्हता.

फेब्रुवारीत बोगद्याच्या मधोमध कोळशाचा एक ट्रक बंद पडला आणि मागे गाड्यांची रांग लागली. धूर साचला. अब्दिलासच्या छातीवर कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं झालं, बोटं बधिर झाली, आणि आपण आत्ता, इथेच मरणार याची त्याला पक्की खात्री पटली. प्रवाशांनी भरलेली गाडी तशीच सोडून तो पायी धावत बाहेर आला होता. ओश शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावरची रेघ दाखवून सांगितलं, "हृदय ठणठणीत आहे. हा भीतीचा झटका. चढतो तसा उतरतो. तो आला की पळू नका, श्वास सावकाश बाहेर सोडा." अब्दिलासने मान डोलावली. हृदयाचा आजार निघाला असता तर त्याला घरी सांगता आलं असतं. भीतीचा आजार बायकोला कुठल्या तोंडाने सांगणार? गिअरबॉक्स आवाज करतोय, असं सांगून तो घाटाच्या अलीकडच्या जवळच्या फेऱ्या मारू लागला.

गाडी पुन्हा निघाली. वळणं चढू लागली. दोन्ही बाजूंना मळकट बर्फ दिसायला लागला. शेवटच्या वळणावर बोगद्याचं तोंड समोर आलं. काळं, ओलं. त्यातून एक टँकर दिवे लावून बाहेर पडत होता. अब्दिलासच्या बोटांना मुंग्या आल्या. आत गेलो आणि मध्येच हात सुटला तर? समोरून गाडी आली तर? म्हातारी मागे बसलीय. हिचा भाऊ तिकडे कफनात, आणि ही इथे माझ्या हातून. त्याने स्टिअरिंग वळवलं. गाडी खडीवर घसरत थांबली.

"आता काय?" एरमेक ओरडला.

"क्लच. क्लच गेला."

"क्लच?" एरमेकने पट्टा सोडला. "रशियात, नोवोसिबिर्स्कला मी नऊ वर्षं बसगाड्याच दुरुस्त करतोय. सरका बाजूला."

त्याने बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं, मग आत येऊन क्लच दोन-तीनदा दाबला, गिअर टाकला, काढला. अब्दिलास बाहेर गाडीला टेकून उभा होता. वारा बोचत होता, तरी त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"क्लचला काही झालेलं नाही," एरमेक म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

"मला झालंय." एवढं बोलायला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला. "बोगद्यात मला वाटतं, मी मरणार. डॉक्टर म्हणतात, हृदय चांगलं आहे. भीती आहे नुसती. नुसती म्हणे! हात बघ."

एरमेकने थरथरणारे हात पाहिले. तो हसेल, असं अब्दिलासला वाटलं. एरमेकने फडक्याला बोटं पुसली, पुसलेली पुन्हा पुसली.

"परवाना आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "किल्ली गाडीतच आहे ना? मागे बसा."

मागचं दार आतून उघडलं गेलं. आपा पलीकडे सरकल्या होत्या.

बोगद्यात शिरताच बाहेरचा आवाज तुटला आणि इंजिनाचाच आवाज भिंतींवर आपटून परत येऊ लागला. पिवळे दिवे एकेक करून मागे पळत होते, मधले कितीतरी बंद. अब्दिलासने डोळे मिटले, तर भीती जास्तच वाढली. उघडले. छातीवर तोच गुडघा येऊन बसला.

"थांबव," तो म्हणाला. "एरमेक, थांबव, मी उतरतो."

"इथे कुठे उतरता?"

"थांबव म्हणतो ना!"

आपांनी त्याचं मनगट पकडलं. पकड दूध काढणाऱ्या बाईची होती.

"श्वास सोड."

"येतच नाहीये, आपा."

"घे नाही म्हटलं, सोड म्हटलं. मोठ्याने. गाय व्याताना सोडते तसा."

पुढे एरमेकला खोकला आला, का हसू, ते कळलं नाही. अब्दिलासने श्वास सोडला. घशातून घरघर निघाली. लाज वाटायलासुद्धा सवड नव्हती. पुन्हा सोडला. आता चढतंय. आणखी चढतंय. आता हे फुटणार. त्याने आपांचा हात इतका आवळला की त्यांच्या बोटातली चांदीची अंगठी त्याला रुतली. पळायला जागाच नव्हती, म्हणून तो बसून राहिला. आणि मग, का ते त्याला समजलं नाही, पण त्याच्या वर काही चढलं नाही. तिथेच हेलकावत राहिलं. मग गुडघा थोडा सैल झाला.

समोर पांढरा ठिपका दिसला, वाढला, आणि ते उजेडात आले.

खाली दरीपर्यंत वेड्यावाकड्या वळणांचा रस्ता दिसत होता. अब्दिलास घामाने निथळत होता.

"मेलास का?" आपांनी विचारलं.

"नाही."

"बरं." त्यांनी आपला हात सोडवून घेतला, बोटं चोळली. मग म्हणाल्या, "सकाळपासून तुझा चेहरा बघतेय. मला वाटलं, हा सगळा घाम माझ्यासाठीच आहे. मघाशी तू तुझं सांगितलंस, तेव्हा मला आनंद झाला बघ. म्हटलं, म्हणजे माझं काही नाही. एवढंच होतं."

अब्दिलास त्यांच्याकडे बघू शकला नाही.

"एवढंच होतं ना, पोरा?"

एरमेकने आरशात पाहिलं आणि लगेच नजर रस्त्यावर नेली. अब्दिलासने तोंड उघडलं.

"नको," आपा चटकन म्हणाल्या. "बोलू नकोस. तिकडे मला मधोमध बसवतील. तिकडचा थोरला भाचा पुढे येईल, शब्द जुळवून सांगेल. त्याचा मान आहे तो. मला तिथे पहिल्यांदाच ऐकल्यासारखं रडता आलं पाहिजे." त्यांनी पुढच्या सीटवर हात टेकला. "एरमेक, गाडी थांबव रे जरा."

गाडी थांबली. आपा उतरल्या, रस्त्याच्या कठड्याशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. वाऱ्याने त्यांचा डोक्यावरचा रुमाल फडफडत होता. त्या काहीतरी बोलत होत्या, पण ते इथवर येत नव्हतं. एकदा फक्त शेरमातचं नाव ऐकू आलं. दोघं पुरुष गाडीतच बसून राहिले. कुणी हॉर्न वाजवत गेलं, कुणी मेंढ्या हाकत गेलं. अब्दिलास मध्येच उतरला आणि स्टिअरिंगच्या बाजूच्या दाराशी येऊन उभा राहिला. एरमेक न बोलता पलीकडच्या सीटवर सरकला.

आपा कडेचं बर्फ उचलून तोंडावर चोळत परत आल्या. दार लावून घेतलं, रुमाल सारखा केला आणि पुढे वाकल्या.

"बघा रे, डोळे लाल दिसतात का?"

"नाही, आपा," दोघं एकदमच म्हणाले.