उमेदवाराचा नवरा

लुगड्याचे एक टोक नळाच्या तोटीला बांधायचे आणि दुसरे हातात धरून मागे मागे सरत पीळ घालायचा, ही बुधाजी तांबे याची रीत. नऊवारी लुगडे एकट्याने पिळायचे तर दुसरा मार्ग नाही. त्या सकाळी पीळ निम्म्यावर आला होता, तेवढ्यात चाळ कमिटीचे नाना लगबगीने आले, चौथऱ्याच्या कडेला उभे राहिले आणि इकडेतिकडे बघत दबक्या आवाजात म्हणाले, "बुधाजी, ते आधी खाली ठेव बघू."

"खाली ठेवलं तर परत धुवावं लागेल, नाना."

नानांनी समोरच्या भिंतीकडे बोट केले. वरळीच्या बीडीडी चाळींमधली ती भिंत निवडणुकीच्या दिवसांत सगळ्यांच्या मालकीची होई. तिच्यावर रात्रीतून कुणीतरी चुन्याने लिहून ठेवले होते, 'बाई चालली पालिकेत, बुधाजी बसला मोरीत.' अक्षर चांगले हातभर उंच होते. बुधाजीने ते वाचले, पुन्हा एकदा वाचले, आणि हातातला पीळ पुरा केला. लिहिणाऱ्याने खोटे असे काही लिहिले नव्हते.

सत्तावन्न साल होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने सारे गिरणगाव ढवळून निघाले होते आणि महापालिकेच्या निवडणुकीला चाळीतल्या लोकांनी आपली म्हणून कौसल्येला उभे केले होते. कौसल्या म्हणजे बुधाजीची बायको. गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला, मोर्चात सगळ्यांच्या पुढे, आणि तोंड उघडले की मुकादमाचीही दातखीळ बसावी अशी. तिचे नाव पहिल्यांदा सुचवले ते नानांनीच. बुधाजीला विचारायला आले तेव्हा तो म्हणाला होता, "मला कशाला विचारता? उभी ती राहणार हाय." हे तो सहज म्हणाला होता. पण त्या रात्री गिरणीत कापड विणायचे त्याचे दोन्ही साचे त्याला हलके वाटले होते. आपल्या बायकोला लोक निवडून देणार या विचाराने त्याची छाती फुलून येई, आणि ती कुणाला दिसू नये म्हणून तो उगाच खोकत बसे.

त्याच्या धुण्याचे म्हणाल, तर चाळीला त्याची नवलाई कधीच उरली नव्हती. कौसल्येची पहिली पाळी, ह्याची कायमची रातपाळी. हा घरी येई तेव्हा ती कामावर गेलेली असे आणि नळाला पाणी तर सकाळीच. मग जो घरात असेल त्याने धुवायचे, इतका साधा तो हिशेब होता. लग्नानंतर पहिली एकदोन वर्षे लोक हसले, मग हसून हसून दमले. नळावरच्या बायकाही त्याला आपल्यातलाच समजत. शेजारची राधा तर घाईत असली की बिनदिक्कत आपली बादली त्याच्या राखणीला ठेवून जाई.

पण माणूस निवडणुकीला उभे राहिले की लोकांना त्याच्या घरातले पातेले उघडून बघायची हौस येते, आणि ते माणूस बाई असेल तर विचारूच नका. कौसल्या मते मागायला दारोदार जाई, तर पाण्याचा प्रश्न, खोल्यांचे गळके छप्पर, यांतले कुणी काही विचारत नसे. "तू हितं फिरतेस, तिकडं चूल कोण पेटवतं?" एक विचारी. दुसरी म्हणे, "नवरा लुगडी धुतो म्हणे तुझा. खरं काय गं?" समोरचा उमेदवार धान्याचा व्यापारी होता. त्याच्या बायकोला या भागात कुणी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते, आणि तेवढ्याच भांडवलावर ती बाई घरंदाज, सोशीक म्हणून वाखाणली जात होती. त्याचा पांढराशुभ्र सदरा कोण धुते हे मात्र त्याला एकानेही विचारले नाही.

नानांचे म्हणणे एवढेच होते की मतदान होईपर्यंत बुधाजीने नळावर येऊ नये. त्याने ते कानामागे टाकले असते. पण त्याच संध्याकाळी कौसल्या फिरून आली, पदराने तोंड पुसत भिंतीला टेकून बसली. शैला, त्यांची मुलगी, तिच्या पुढ्यात चहा ठेवून गेली. तो तसाच निवला.

"चार दिवस नका जाऊ नळावर," ती शेवटी म्हणाली. "मी धुत जाईन. रजा हाय माझी."

बुधाजी बरे म्हणाला. त्याला लोकांच्या हसण्याने कधी काही झाले नव्हते, पण हे लागले. लोकांना आपली लाज वाटो, बायकोला वाटू नये, असे त्याच्या मनात आले आणि ते मनात आल्याचेच त्याला वाईट वाटले. बिचारीचा काय दोष? ती दिवसभर ऐकून आली होती. दुसऱ्या दिवसापासून तो रातपाळीवरून येई आणि खोलीत बसून राही. खाली धुण्याचे आवाज येत. हातांना काम नसले की माणूस आपल्याच घरात पाहुणा होतो. आणि इतके करून फायदा तर शून्य. भिंतीवर नवी ओळ आली, 'बुधाजी लपला.'

मग नानांनी दुसरी शक्कल काढली. नाना माणूस वाईट नव्हे, पण निवडणूक अंगात आली की भल्याभल्यांचा तोल जातो. चळवळीतल्या एका मोर्चात पळापळ झाली होती, तेव्हा कौसल्या पडली होती आणि तिचे मनगट मुरगळले होते. आठ दिवस हळद लावली आणि ते बरे झाले. नाना म्हणाले, आपण सांगू की पोलिसांची लाठी लागून हात मोडला. पिळायला येत नाही, म्हणून बिचारा नवरा धुतो. हसणारी तोंडं रडायला लागतील की नाही बघ.

"लाठी लागली नव्हती, नाना."

"ते तुला ठाऊक अन् मला ठाऊक."

"तुम्ही अन् मी एका रांगेत उभे राहून पंचशील घेतलं. अजून वर्ष नाय झालं. खोटं बोलणार नाय, असं म्हटलं आपण."

नानांना ते झोंबले. धर्मांतराच्या त्या दिवशी दोघे खरोखरच शेजारी शेजारी उभे होते, आणि घरी आल्यावर दोघांनी मिळून चाळीतले देव्हारे उतरवले होते. पण नाना उठता उठता म्हणालेच, "शब्द मलाही आठवतो रे. पण ती पडली, तर चाळीतली दुसरी बाई पुन्हा उभी राहील का, ते सांग."

मतदानाच्या आदल्या आठवड्यात जांबोरी मैदानावर सभा झाली. दिवस मावळत होता. बायका पुढे बसल्या होत्या, पुरुष मागे, आणि कडेला समोरच्या उमेदवाराची पोरेही टवाळी करायला जमली होती. बुधाजी पुरुषांत न बसता एका बाजूला उभा राहिला. मुख्य वक्ते हेमचंद्र वकील गिरगावातून आले होते. सज्जन माणूस, आवाज खणखणीत. नानांनी जे सांगितले ते त्यांनी खरे मानले होते. बोलता बोलता ते थांबले, कौसल्येकडे हात केला आणि म्हणाले, "या भगिनीच्या पतीला हसणाऱ्यांनो, तिचा हात कशाने मोडला हे तुम्हांला माहीत आहे का?"

वकिलांनी लाठीचे असे वर्णन केले की बायकांनी डोळ्यांना पदर लावले. टवाळ पोरेसुद्धा खाली बघू लागली. बुधाजीच्या शेजारचा आनंदा, जो आठवडाभर तीच भिंतीवरची ओळ गुणगुणत हिंडत होता, त्याचा हात धरून म्हणाला, "बुधाजी, माफ कर रे. मला नव्हतं ठाऊक."

मत फिरत होते, ते डोळ्यांना दिसत होते. गप्प राहिले की झाले. बुधाजीने मंचाकडे पाहिले. कौसल्येने मान खाली घातली होती आणि तो न मोडलेला हात पदराखाली घेतला होता. पोलिसांसमोर ताठ मानेने उभी राहणारी बाई आपल्याच माणसांत मान खाली घालून बसली होती. आपण बोललो तर ती पडेल, हे त्याला लख्ख कळत होते. तरी तो चालू लागला. लोकांनी वाट दिली. त्यांना वाटले, बिचारा गहिवरला.

तो मंचावर चढला, वकिलांना नमस्कार केला आणि कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहिला. जन्मात त्याने चार माणसांत भाषण केले नव्हते.

"मी बुधाजी," तो म्हणाला. "भिंतीवर लिवलाय तोच. वकीलसाहेबांना कुणी चुकीचं सांगितलं. हिचा हात मोडला नाय. लाठी लागली नाय. ज्यांना लागली त्या बायका हितं बसल्यात, त्यांचं दुखणं आम्ही नाय घेणार. हात धड होता तवापासून मी लुगडी धुतो. ही सकाळी कामाला जाते, मी रातपाळी करून येतो. नळ येतो तवा घरात मी असतो. मग कोण धुणार, महापालिका?"

कुणीतरी हसले. तो थांबला.

"माझा बाप मंडणगडाकडं गावकी करायचा. साऱ्या गावाची लाकडं फोडली त्यानं. सांगावे नेले. कुणाचं जनावर मेलं तर ओढून नेलं. आख्ख्या गावाचं केलं, तवा कुणी हसलं नाय. मी माझ्या घरचं करतो तर भिंती रंगवता. मला लाज वाटायची ती बापाला कराय लागायचं त्याची. ह्याची वाटत नाय. उद्यापास्नं मी नळावर हाय. कुणाला बघायचं असलं तर या."

एवढे बोलून तो उतरला. टाळ्या नाहीत, काही नाही. नुसती कुजबुज. नानांनी कपाळाला हात लावला होता. कौसल्येकडे बघायची बुधाजीला हिंमत झाली नाही. आपण तिचे वाटोळे केले असे वाटून तो गर्दीतून तडक रस्त्याकडे निघाला. मैदानाच्या टोकाशी पोचला तोच मागे कर्ण्यातून तिचा आवाज आला.

"आत्ता बोलले ते बुधाजी राघू तांबे. माझे मालक. बोलले ते खरं हाय."

बुधाजी जागच्या जागी थांबला. लग्न झाल्यापासून तिने त्याचे नाव घेतले नव्हते. घेतच नसत बायका. रेशनच्या दुकानात नवऱ्याचे नाव विचारले तर ती शैलाला पुढे करी. आणि आज बापाच्या नावासकट, साऱ्या वरळीला ऐकू जाईल असे तिने ते उच्चारले होते. पुढे ती पाण्याविषयी बोलली, खोल्यांविषयी बोलली, आवाज एकदाही कापला नाही. बुधाजी रस्त्याच्या कडेला उभा राहून शेवटपर्यंत ऐकत होता. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि या खेपेला त्याने खोकण्याची सबब काढली नाही.

कौसल्या पडली. फार मतांनी नाही, पण पडली. व्यापाऱ्याची मिरवणूक बँड वाजवत चाळीखालून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बुधाजी रातपाळीवरून आला तेव्हा नाना खोलीच्या उंबऱ्यापाशी बसले होते. दुखवट्याला आल्यासारखा चेहरा होता. कौसल्येची रजा संपली होती, पण आज निघायला उशीर झाला होता आणि ती अजून डबा बांधत होती.

"त्या दिवशी गप्प राहिला असतास," नाना हळूच म्हणाले, "तर काल गुलाल आपल्या अंगावर असता."

बुधाजीने मान खाली घातली. रात्रभर साच्यावर उभा राहून त्याने हेच घोळवले होते.

"निवडून आले असते, नाना," कौसल्या डब्याला गाठ मारत म्हणाली. "मग रोज सकाळी धडधाकट हाताला फडकं बांधून चाळीत फिरले असते. ते कुणी सोडलं असतं, तुम्ही?"

नानांनी शैलाकडे पाणी मागितले आणि भांडेभर पाणी एका दमात प्यायले. कौसल्येने चपला घातल्या. बुधाजी रात्रभर जागा होता, पाय भरून आले होते, तरी तो वळला आणि म्हणाला, "चल, गिरणीपर्यंत येतो."

दोघे जिना उतरले. कुठे बरोबर जायचे तर आजवर तो पुढे असे आणि ती चार पावले मागे, जशा साऱ्याच बायका असत. त्या सकाळी ती त्याच्या शेजारून चालू लागली. दारादारांतून लोक बघत होते, कालच्या गुलालाने लाल झालेला रस्ता पायांखाली होता. कोपऱ्यावर कुणीतरी शीळ घातली. बुधाजी नकळत पुढे सरकणार होता, पण ती त्याच्या बरोबरीनेच चालत राहिली, तेव्हा त्याने आपला वेग कमी केला. फाटकापर्यंत ते तसेच गेले.