आसेनची पाणपोई

म्लादेन म्हातारा पाणपोईच्या हौदावर बसला होता तो बसलाच होता. समोर येंचो जेसीबी सुरू ठेवून वैतागला होता, आणि पाठीमागे तांब्याच्या खाणीचा ओला गाळ अडवणारा मातीचा प्रचंड बांध उभा होता. त्याच्या उतारावर ओल फुटली होती. सकाळी ती कमरेएवढी होती, आता डोक्याच्या वर चढली होती.

झ्लाटिनाला सगळं कळत होतं, तेच तिचं दुखणं होतं. बांधाची इंजिनिअर ती आणि हट्टाला पेटलेला बापही तिचाच. बांधाच्या पोटातलं पाणी काढणारा पाइप नेमका या पाणपोईमागे उघडत होता. खाणीत जीव गेलेल्या आसेनच्या, तिच्या भावाच्या नावाने बापाने ती बांधली होती. येणारा-जाणारा ओंजळभर पाणी प्यायचा, पाटीवरचं आसेनचं नाव घ्यायचा आणि म्हणायचा, "देव त्याला क्षमा करो." पुढे पाइपातलं करडं पाणी इथल्या झऱ्यात मिसळायला लागलं, तेव्हा बापाने गुपचूप पाइपाच्या तोंडात सिमेंट ठासलं. पाणपोईचं पाणी निवळलं. बांध मात्र आतून फुगत गेला.

आता पाणपोई फोडून पाइप मोकळा करायचा आणि पायथ्याशी दगडांचा भार टाकून उतार दाबून धरायचा, याशिवाय इलाज नव्हता. खाली अख्खं गाव होतं.

"बाबा, उठा ना."

"दुसरीकडे भोक पाड. एवढी शिकलीस कशाला मग?"

"दुसरीकडे खणलं तर उतारच अंगावर येईल."

"येऊ दे. इथे कुणी पाणीच प्यायलं नाही, तर माझ्या पोराचं नाव कोण घेणार?"

"मॅडम, काय ते ठरवा!" येंचो ओरडला. "मला बायको आहे, आवडत नसली तरी आहे!"

पोलिसांना बोलावून बापाला उचलायला लावता आलं असतं. तिची जीभ रेटेना. रागाने तिला रडूच फुटलं. तिने हेल्मेट काढलं आणि त्याच्या शेजारी हौदावर बसली.

"हे काय?"

"बसले."

"वर बघ, मूर्ख कार्टे! ओल कुठवर आलीय!"

"दिसतेय. तुमच्याआधीपासून दिसतेय."

वरून एक ढेकूळ घरंगळत आलं आणि तिच्या बुटाशी थांबलं. म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. मग उठला, खिशातला चाकू काढला आणि आसेनच्या पाटीचे स्क्रू फिरवू लागला.

"एका पोराचं नाव पुरे झालं या दगडावर," तो म्हणाला. "ऊठ."