तृप्तीच्या वाटचं ऊन

मी तृप्तीचा स्कार्फ बोलतोय. पांढरा, सुती. देवाशपथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. देवावर माझा विश्वास नाही, ते सोडा. आणि सुती म्हणालो ना, तर मी पॉलिस्टरचा आहे.

जालन्यात स्टेशनसमोरच्या हातगाडीवर तृप्तीच्या आईने, वंदनाबाईंनी, मला उचललं आणि सूर्यासमोर धरलं.

"आरपार दिसून राह्यलं का गं?"

"न्हाई मम्मी."

"मंग बराबर हाय."

लेकीचं लग्न जमवायचं होतं आणि लेक सावळी होती. झाली माझी नेमणूक.

तृप्ती बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला. स्कूटीवर निघाली की अंगात सनकोट, हातात मोजे, तोंडावर मी. डोळे तेवढे उघडे. गच्चीवर कपडे वाळत घालायचे तरी मला बांधूनच. तिच्या वाटचं सगळं ऊन मी खाल्लं. इतकं, की संध्याकाळी मला टांगलं की खुंटी वाकायची. तीन वर्षांत पोरगी उजळली, उंदराच्या नव्या पिल्लासारखी. मला कोण अभिमान!

मग माझ्या आतल्या बाजूला लाल ठिपके पडू लागले. मला वाटलं, लिपस्टिक. रक्त होतं, हिरड्यांचं. पाठोपाठ वास आला. तो मी एकट्याने सोसला, कारण तिच्या तोंडाशी दुसरं कोण होतं? पुढे वरचा एक दात हलायला लागला. सिग्नलला थांबली की ती जिभेने तो ढकलून बघायची. मला मजा वाटायची.

दातांच्या डॉक्टर सुमेधा यांनी फोटो काढला, रक्त तपासून आणायला लावलं.

"काकू, हिरड्यांचा आजार आहे. दाताभोवतीचं हाड झिजतंय. त्यात व्हिटॅमिन डी अगदी तळाला. ते नसलं की कॅल्शियम नीट अंगी लागत नाही, हिरड्याही लवकर सावरत नाहीत. दात साफ करू, डीचं औषध देते. आणि हिला थोडं ऊन लागू द्या."

"कॅल्शियमच्या गोळ्या चालू हायेत की! अन् दात साफ केले की हलतेत. आमच्या जाऊबाईचे हलले."

"हिचा आधीच हलतोय, काकू."

"परवा पाव्हणे येऊन राह्यलेत. उन्हात काळी पडली तं? लगीन होऊ द्या, मंग काय करायचं ते करा."

तृप्ती रडवेली झाली. "मम्मी, दात जाईल माझा."

"दात बसवता येतो. रंग बसवता येतो का?"

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

पाहुणे राजूरकडचे. मुलाची आई मालनबाई तृप्तीला न्याहाळून म्हणाल्या, "दुधासारखी हाय पोरगी. हस बरं जरा, बाई."

तृप्ती ताडकन उठली. "दात हलतोय माझा. तुम्ही चहा घ्या, मी डॉक्टरकडं चालले." भर दुपारी, मला खुंटीवरच सोडून, उघड्या तोंडाने स्कूटीवर गेली. मालनबाई म्हणाल्या, "अशीच सून पाह्यजे!" डॉक्टरांनी दात वाचवला, आणि वंदनाबाईंनी रडत रडत माझं फडकं केलं.

बरं वाटलं ना ऐकून? तृप्ती ताडकन उठली, तिथपासून सगळं मी रचलंय.

ती बसूनच राहिली आणि ओठ मिटून हसली. "लाजरी हाय," मालनबाई खूश. लग्न ठरलं. हळदीच्या आदल्या दिवशी तृप्ती स्कूटीवर शिंकली आणि दात माझ्यात पडला. घरी येऊन तिने तो आईपुढे धरला. वंदनाबाईंनी लेकीची हनुवटी उजेडाकडे वळवून चेहरा निरखला.

"फोटोत तोंड मीट. रंग बघ कसा खुललाय!"

मला धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवलंय. धाकटी जान्हवी यंदा अकरावीला गेली. उद्यापासून मी तिचा.