कागदाची कड

अनूला घरातलं न्हाणीघर सापडेनासं झालं तेव्हा केतकीनं दारांवर चित्रं चिकटवली. केतकी माझी भाचेसून, सुहासची बायको. इंदिरानगरच्या एका ऑफिसात ती मोबाइलवरची छोटी चिन्हं काढते. त्यांच्यावर बोट टेकवलं की रिक्षा येते, जेवण येतं. आमच्याकडे येताना ती चकचकीत स्टिकरांची चळतच घेऊन आली.

"आत्या, हे युनिव्हर्सल आयकॉन्स आहेत. जपानमध्ये लावा नाहीतर घानामध्ये, कुणालाही कळतात."

अनू म्हणजे माझी धाकटी बहीण अनुसूया. ती न्हाणीघराच्या दारासमोर उभी राहिली. चित्रात एक उभी दांडी होती, वर वाकलेली मान, खाली तिरके थेंब. तिनं ते बराच वेळ पाहिलं.

"फूल सुकलंय गं ताई. बिया गळतायत."

केतकी आधी हसली, मग तिनं ते चित्र पुन्हा न्याहाळलं. मला मात्र नवल वाटलं नाही. आमच्या राजाजीनगरच्या घरात शॉवर कधी नव्हताच. बंबातलं पाणी बादलीत काढायचं आणि तांब्यानं अंगावर घ्यायचं, एवढंच आम्हाला माहीत. स्वयंपाकघराच्या दारावरचा काटाचमचा बघून तर अनूनं विचारलं, की शेतीची अवजारं इथं कुणी टांगली?

खूण ही ज्याच्या त्याच्या कामाची असते. फुली पाहिली की नर्सला दवाखाना दिसतो आणि शाळामास्तराला चुकलेलं गणित. आमच्या लहानपणीचा धोबी कपड्याच्या कोपऱ्यातल्या काळ्या ठिपक्यांवरून अख्ख्या आळीची घरं ओळखायचा. आम्हाला ते नुसते डाग दिसायचे. केतकी हुशार आहे, मनानं चांगली आहे. पण तिची चित्रं तिच्या जगातली होती, आणि अनू आता त्या जगात येऊ शकत नव्हती. ती मागे मागे चालली होती.

आम्ही दोघी बहिणी नकाशे काढायच्या सरकारी कचेरीत होतो. वडील मिरजेहून इथं कानडी मुलखातल्या कारखान्यात नोकरीला आले आणि आम्ही इथल्याच झालो. मी लवकर विधवा होऊन माहेरी परतले, अनूनं लग्न केलं नाही. सकाळी दोघी एकाच बसनं जायचो, एकाच टेबलाशी डबा खायचो. तेव्हा नकाशे हातानं काढत. बारीक निब, काळी, निळी, तांबडी शाई आणि डोळ्याला लावायचं भिंग. निळा गोल म्हणजे विहीर. छोटं शिखर आणि वर झेंडा म्हणजे देऊळ. तुटक रेघ म्हणजे पायवाट. आयुष्यात कधी न पाहिलेल्या गावांतल्या विहिरी आणि देवळं आम्ही काढली.

माझं काम कागदाच्या आत होतं. नकाशाभोवती जाड आणि बारीक अशा दोन रेघांची चौकट असे, आणि तिच्याबाहेर शाईचा ठिपकासुद्धा पडलेला आमचे वरिष्ठ आप्पाजी यांना खपत नसे. "हेमलताबाई, चौकट म्हणजे भिंत! भिंतीतून कुणी जातं का?" असं ते सगळ्यांदेखत ओरडत. अनूचं काम वेगळं. तिची नजर तेज होती, म्हणून तिला कडा जुळवायला बसवलं होतं. दोन शेजारशेजारचे कागद लावून बसायचं आणि बघायचं, की या कागदाच्या कडेला संपलेला रस्ता पलीकडच्या कागदावर बरोबर त्याच जागी सुरू होतो का. ओढा, टेकडीची रेघ, रेल्वेचा रूळ, सगळं जुळलं पाहिजे. जुळलं नाही की ती हॉलच्या त्या टोकावरून ओरडायची, "ताई, तुझा रस्ता दरीत पडला!" सगळे हसायचे. मला राग यायचा, पण मुकाट्यानं उठून दुरुस्त करावं लागायचं.

हे सगळं आता सांगायचं कारण घराचं रस्त्याकडचं पुढचं दार.

त्याच सुमारास अनू एकदा एकटीच बाहेर पडली होती. ओळखीच्या भाजीवाल्यानं तिला परत आणून सोडलं. सुहासनं त्याच दिवशी दाराला आतून कुलूप बसवलं. सुहास माझ्या भावाचा मुलगा. भाऊ गेल्यापासून आमचं सगळं तोच बघतो. कुलूप लागलं आणि दुसऱ्या दिवशी अनूनं त्या दारावर दोन्ही हातांनी इतकं बडवलं, की मनगटं काळीनिळी झाली. कोंडलेल्या मांजरासारखा आवाज काढत होती. मी कुलूप काढायला लावलं.

सुहास वैतागला. "हेमाआत्या, मग मी करू तरी काय? आमच्या घराजवळ, इलेक्ट्रॉनिक सिटीत, अशा आजारी म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं केंद्र आहे. स्वच्छ आहे. नर्स असते."

"तिथं ती माणसं विसरेल."

"आणि इथं रस्त्यावर तिला काय आठवणार आहे?"

तो माझ्याजवळ येऊन बसला. "ऐक. तुझी पण शहात्तरी झाली. मी आधीच सांगून ठेवतो, ती परत एकदा बाहेर गेली, तर मी तुझं ऐकणार नाही."

"सरी," मी म्हटलं. सरी म्हणजे बरं, कबूल; आमच्या घरात भांडण मिटवायला हा कानडी शब्द वडिलांच्या वेळेपासून चालत आलाय. सुहासनं चपला घातल्या.

त्याच आठवड्यात मी पेटी उघडून जुना ड्रॉइंग कागद काढला. निब गंजल्या होत्या, नव्या आणवल्या. हात थरथरतो, म्हणून मनगटाखाली उशी घेतली. न्हाणीघरासाठी विहिरीचा निळा गोल काढला. देवघराला शिखर आणि झेंडा. झोपायच्या खोलीला डाकबंगल्याचा चौकोन. स्वयंपाकघरासाठी नकाशात काहीच नसतं. शेवटी वीटभट्टीची खूण काढली.

घरकामाला येणारी शिवलीला निपाणीकडची. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "हेमाअक्का, माझ्या स्वयंपाकाला भट्टी म्हणायलाय होय? अगदी एवढा करपतोय काय भात?"

"कधीकधी," मी म्हटलं, आणि तिघी हसलो. अनूसुद्धा. ती का हसली ते तिचं तिला ठाऊक, पण हसली.

आणि ते चाललं. अनू निळ्या गोलासमोर थांबली, मान तिरकी केली, आणि म्हणाली, "विहिरीची रेघ जाड झालीय. आप्पाजी ओरडतील." आप्पाजींना जाऊन किती वर्षं झाली होती. पण ती दार उघडून आत गेली, आणि काम झाल्यावर बाहेर आली. कितीतरी महिन्यांत तिला कुणी हाताला धरून न नेता हे घडलं होतं. सुहास रविवारी आला तेव्हा मी त्याला काही न सांगता अनूला म्हटलं, "जा, देवाला नमस्कार करून ये." ती शिखर शोधत गेली. सुहास बघत राहिला. केतकीनं सगळ्या खुणांचे फोटो काढले आणि म्हणाली, "आत्या, तुमच्यापुढे माझं काम म्हणजे काहीच नाही." मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटायला नको होतं.

कारण पुढचं दार अजून कोरं होतं. ते मला खुपू लागलं. अनू तिथं जाऊन उभी राहायची, कडीवरून हात फिरवायची. मी विचार केला, आत सगळ्या खुणा लागू पडल्या, तर इथंही एक हवी. पुढे जायचं नाही, असं सांगणारी. लाल गोलातली आडवी पट्टी वाहतुकीची, ती अनूला कशी कळणार? मग मला आप्पाजींचा आवाज आठवला. चौकट म्हणजे भिंत.

मी दाराच्या चारही बाजूंनी काळ्या रंगानं चौकट ओढली. बाहेरून जाड रेघ, आतून बारीक. शिवलीलानं खुर्ची धरली. दोन दुपारी लागल्या. रेघ सरळ आली म्हणून मीच स्वतःवर खूश.

अनू आली आणि समोर थांबली. तिनं बोट उचललं आणि बारीक रेघेवरून खालून वरपर्यंत हळूहळू नेलं. मध्येच थांबायची, जवळ वाकून बघायची, परत पुढे. तिच्या चेहऱ्यावर असं तेज मी किती दिवसांत पाहिलं नव्हतं. पूर्वी भिंग लावून बसायची तेव्हा यायचं तसं. मी शिवलीलाला हळूच म्हटलं, "ओळखली बघ."

"ओळखली की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवलीला गच्चीवर वाळलेले कपडे आणायला गेली. मी खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. डोळा लागला. जाग आली ती उन्हाच्या पट्ट्यामुळे. तो दारातून आत येऊन माझ्या पायांवर पडला होता. दार सताड उघडं होतं.

आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. शिवलीला कानडीत हाका मारत एकीकडे, मी दुसरीकडे. भाजीवाला नव्हता, किराणावाल्यानं पाहिलं नव्हतं. मी देवळात गेले, बसथांब्यावर गेले, आमच्या लहानपणी जिथं तळं होतं आणि आता दुकानं आहेत तिथंही जाऊन आले. ती यांपैकी कुठंच गेली नव्हती. आमच्या दारासमोरचा रस्ता जिथं जातो, तिथं ती सरळ चालत गेली होती. मोठा रस्ता ओलांडून, पलीकडेही तसाच पुढे. तिथं नळ टाकायला चर खणला होता.

तिच्या गळ्यात सुहासचा नंबर असलेली पट्टी होती. एका फूलवालीनं त्याला फोन केला. तो गाडीतून मला घेऊन पोचला तेव्हा अंधारायला लागलं होतं. अनूला चरातून वर काढून फुटपाथवर निजवलं होतं, डोक्याखाली फूलवालीचं गोणपाट. एक पाय विचित्र वळला होता. साडीला चिखल. फूलवाली पदरानं वारा घालत म्हणत होती, "अज्जी, स्वल्प थांबा, आले, तुमची माणसं आली."

मी खाली बसले. अनूनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला मी कोण ते लगेच कळलं. तिचा तो आनंद मला सोसवला नाही.

"ताई, आला गं. पुढच्या कागदावर रस्ता बरोबर आला. मी जुळवून बघितला."

तेव्हा मला कळलं, की मी दारावर काय काढून ठेवलं होतं. मी आयुष्यभर चौकटीच्या आत राहिले, म्हणून मला चौकट म्हणजे भिंत. तिचं काम चौकटीपाशी सुरू व्हायचं. कड दिसली, की पलीकडे जाऊन बघायचं, हेच तर तिला पगार देऊन शिकवलं होतं. मी तिला अडवलं नव्हतं. मी तिला कामावर पाठवलं होतं.

दवाखान्यात तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. सुहासनं आपल्या अटीचा शब्दही काढला नाही, आणि तेच मला जड गेलं. शेवटी मीच बाकावर त्याच्याशेजारी बसून म्हटलं, "त्या केंद्रात कधी न्यायचं?"

"हेमाआत्या..."

"मी कबूल केलं होतं."

तो जमिनीकडे बघत राहिला. "दारावर ते काळं काय काढलंयस?"

"कुंपण काढायला गेले होते."

त्यानं माझा हात हातात घेतला.

आता मी तिला भेटायला बसनं जाते. वाटेत उंच पूल लागला की त्यावरून खालची घरं, झाडं नकाशासारखी दिसतात, फक्त त्यांत विहिरी नाहीत. केंद्र खरंच स्वच्छ आहे. प्रत्येक दारावर केतकीच्या स्टिकरांची भावंडं लावलेली आहेत. अनूला त्यांची गरज पडत नाही. ती पलंगावरून उठत नाही. मी सुरुवातीला निळा गोल नेला होता, पण भिंतीला काही चिकटवायचं नाही असा तिथला नियम आहे.

मागच्या खेपेला मी दोन कागद नेले. एकावर रस्ता काढला, उजव्या कडेपर्यंत. दुसऱ्यावर तोच रस्ता डाव्या कडेपासून सुरू केला, पण मुद्दाम बोटभर खाली. न जुळणारा. दोन्ही कागद तिच्या मांडीवर एकमेकांना लावून ठेवले आणि वाट पाहिली. एवढी ढोबळ चूक तिनं कधी सोडली नसती.

अनूनं कागदांकडे पाहिलं. बोट उचललं. ते पहिल्या रस्त्यावरून हळूहळू कडेपर्यंत गेलं आणि तिथं थांबलं. पलीकडे गेलं नाही. मग बोट परत पांघरुणावर येऊन पडलं.

"अनू," मी म्हटलं, "माझा रस्ता दरीत पडला का गं?"

तिनं मान वर केली. परक्या बाईशी बोलावं तशी अदबीनं म्हणाली, "तुम्ही कुणाकडे आलात?"

"अनुसूयाकडे."

तिनं उघड्या दाराकडे पाहिलं.

"त्या बाहेर गेल्यात," ती म्हणाली.