मागच्या खोलीचं माप

नणंदेचं आणि भावजयीचं पटत नाही असं जग म्हणतं, आणि जग पुष्कळदा बरोबरही असतं. पण त्या गल्लीतल्या शिवणाच्या दुकानात एक नणंद आणि एक भावजय सव्वीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून काम करत होत्या, आणि आपलं पटतं की नाही याचा विचार करायला दोघींनाही सवड मिळाली नव्हती. भावजय मापं घ्यायच्या, शिवायच्या आणि गिऱ्हाइकांशी बोलायच्या. नणंद कापड कापायच्या, आणि गिऱ्हाइकांशी होता होईल तो बोलायच्या नाहीत. घरात एकमेकींना ज्या नावांनी हाक मारत तीच नावं गल्लीने उचलली होती, त्यामुळे लहानथोर सगळ्यांच्या त्या वन्सं आणि वहिनी झाल्या होत्या.

वन्संचा भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरा, दहा वर्षांपूर्वी गेला. वहिनींची लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात राहायला गेली. उरल्या या दोघी, दुकान, दुकानामागच्या भाड्याच्या दोन खोल्या आणि ते टेबल.

टेबल आठ फूट लांबीचं होतं. वरची फळी जाडजूड आणि एकसंध, पाय तेवढे काढता-घालता येणारे. पडदे असोत, लांब कोट असोत, कापड त्यावर ऐसपैस पसरायचं. कापड अर्धं टेबलावर आणि अर्धं लोंबकळत असलं की कात्रीही अर्धीच खरी बोलते, असं वन्संचं म्हणणं होतं.

दुकानाचा एक नियम होता: दुकान एक तर टेपही एकच. पहिल्या वर्षी दोघींच्या दोन टेपा होत्या. त्या दोन टेपांचं आपसात जमेना, आणि एका पोस्टमनच्या कोटाच्या बाह्या त्याच्या बोटांच्या टोकांपर्यंत आल्या. त्या दिवशी वन्संनी एक टेप उचलून कचऱ्यात टाकली. तेव्हापासून जिने माप घ्यायचं तीच टेप कापताना वापरायची. जुनी झाली की नवी आणायची, पण एकच. सध्याची टेप मेणकापडाची होती आणि दिवसभर वहिनींच्या गळ्यात असायची. ती घसरून पडू नये म्हणून वहिनींनी तिच्या एका टोकाला छोटी कात्री बांधून ठेवली होती.

तर अशा या दोघींना घरमालकाने सांगितलं, की महिनाअखेर जागा मोकळी करून द्या.

मग घरं बघणं सुरू झालं. दोघींनी अकरा घरं पाहिली. एक चांगलं होतं, पण चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट कागदावर. एकाच्या खिडकीतून समोरच्या घरातली भाजी परतता आली असती. दोन इमारतींतल्या लोकांनी सांगितलं, राहा खुशाल, पण मशीनची घरघर नको. बारावं घर मात्र डोळ्यांत भरलं. तीन मजल्यांची नवी, नेटकी इमारत. पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. जिना इतका रुंद, की दोन माणसं बोलत बोलत चढतील. शिवणकामाला हरकत नाही असं लेखी मिळत होतं. आणि मागच्या खोलीत उत्तरेचा शांत उजेड होता. या उजेडात काळ्या कापडावरचा काळा टाकाही दिसला असता.

नकाशात मागच्या खोलीची खिडकीकडची भिंत आठ फूट दोन इंच लिहिली होती. दुसऱ्या बाजूला दार आणि भिंतीतलं कपाट, उरलेल्या दोन भिंती आखूड, म्हणजे टेबल बसलं तर याच भिंतीला. बाहेरची खोली मशीन आणि गिऱ्हाइकांनीच भरणार होती.

“आठ-दोन,” वन्सं म्हणाल्या. “दोन इंच उरतात.”

“दोन इंच म्हणजे तुला मैदान,” वहिनी म्हणाल्या.

हे घर मिळालं तर दुकान चालणार होतं आणि दोघी एका छपराखाली राहणार होत्या. नाही मिळालं, तर वहिनी लेकीकडे जाणार आणि वन्सं एका लांबच्या मावसबहिणीच्या घरी, जिथे त्यांना पाहुण्यासारखं वागवलं जाईल आणि पाहुण्यासारखंच विचारलं जाईल, की किती दिवस आहात? हे दोघींनाही ठाऊक होतं. बोललं मात्र कुणीच नव्हतं.

सह्या गुरुवारी अकरा वाजता व्हायच्या होत्या. बुधवारी सकाळी दोघी टेप घेऊन फ्लॅटवर गेल्या, कुठे काय ठेवायचं ते खडूने आखायला. बिल्डरच्या ऑफिसातला माणूस किल्ली घेऊन बरोबर आला. त्याच्या काखेत सदानकदा एक निळी फाईल असे, म्हणून वहिनींनी त्याचं नाव फाईलवाला ठेवलं होतं.

टेप साठ इंची. वहिनींनी कोपऱ्यात टोक धरलं, वन्संनी साठावर खडूची रेघ मारली आणि रेघेपासून पुढे मोजलं.

“किती?” वहिनींनी विचारलं.

वन्संनी टेप सरळ केली. परत मोजलं. मग टोकं बदलून तिसऱ्यांदा मोजलं.

“अगं, किती ते सांग ना!”

“पंचाण्णव. तेही ओढूनताणून.”

आठ फूट म्हणजे शहाण्णव इंच. हे दोघींना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

वहिनी फाईलवाल्याकडे वळल्या. “काय हो, नकाशात अठ्ठ्याण्णव इंच आणि भिंतीवर पंचाण्णव? तीन इंच काय उंदरांनी खाल्ले?”

फाईलवाला गोंधळला. त्याने फाईल उघडली, नकाशा पाहिला, भिंत पाहिली. “प्लास्टर लागतं ना ताई. प्लास्टरमध्ये थोडंफार जातं.”

“तीन इंच प्लास्टर? भिंतीला अंगरखा शिवलाय की काय?”

“थोडं एकोणीस-वीस होतं ताई. पण बाकी उजेड बघा…”

तो बिचारा नुसता बोलत होता. त्याने आयुष्यात कधी भिंत मोजलेली नव्हती. पण त्याच्या चेहऱ्यावरचा ओशाळेपणा पाहून वन्संची खात्री पटली, की आपण फसलो. त्या तडक जिना उतरल्या. मागून वहिनींचा आवाज येत होता, “उद्या अकराचं काय ते आम्ही कळवू. आणि ती फाईल जपा, त्यात आमचे तीन इंच आहेत!”

घरी पोचल्यावर वहिनींच्या लेकीचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, “आई, सोडून दे ना आता. वय आहे का हे घर घ्यायचं? तू सरळ इकडे ये.”

“आणि तुझी आत्या?”

“आत्याचंही बघू काहीतरी.”

फोन स्पीकरवर होता. ‘बघू काहीतरी’ वन्संनी ऐकलं आणि उगाचच रिळांची बरणी पुसायला घेतली.

वहिनींनी फोन ठेवला. “एक उपाय आहे. टेबल कापू.”

“काय म्हणालात?”

या दोघींची एक खूण होती. एरवी एकमेकींना तू म्हणायच्या, पण रागावल्या की लगेच ‘तुम्ही’.

“दोन इंच कापू म्हणाले. सुताराला अर्ध्या तासाचं काम.”

“टेबलाला काय शेपूट आलंय कापायला?”

“मग तुम्हीच सांगा! टेबल अख्खं ठेवायचं आणि आपण दोघींनी अर्धं अर्धं व्हायचं, असं चालेल तुम्हाला? मला नाही चालणार.”

सव्वीस वर्षांत वहिनी असं काही पहिल्यांदाच बोलल्या होत्या, आणि तेही भांडताना. वन्संनी बरणी जाग्यावर ठेवली.

“आण ती टेप,” त्या म्हणाल्या. “कुठे कापायचं ती खूण तरी नीट करू. सुतारावर सोडलं तर तो चार इंच कापेल.”

त्यांनी टेप टेबलाच्या डाव्या कडेला लावली. साठावर खडूची रेघ. रेघेपासून पुढे उजव्या कडेपर्यंत तेहतीस.

वन्सं टेबलाकडे बघत राहिल्या. मग उजव्या कडेकडून मोजत आल्या. पुन्हा साठ आणि तेहतीस.

“वहिनी, आपलं टेबल किती फुटांचं?”

“आठ. हे काय विचारणं झालं?”

“मोज.”

वहिनींनी मोजलं. “त्र्याण्णव?” त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, जणू राहिलेले तीन इंच तिथे पडले असावेत. “अगं, हेही फाईलवाल्याने खाल्लं?”

वन्सं स्टुलावर बसल्या. त्यांचं डोकं हळू चालायचं, पण एकदा चालू लागलं की वाटेत थांबायचं नाही. भिंत तीन इंच कमी भरली, टेबलही तीन इंच कमी भरलं. भिंत खोटी असेल एक वेळ. पण हे टेबल त्यांच्या डोळ्यांदेखत सुताराने आठ फूट मोजून केलं होतं, आणि मुरलेलं लाकूड असं तीन इंच आखडत नसतं. मग दोन्हींकडे सारखं कोण होतं? टेप! कमी भरत होती ती वस्तू नव्हे. इंचच मोठा झाला होता. मोठ्या इंचाने मोजलं तर इंच कमीच भरणार.

त्यांनी टेप हातात घेऊन निरखली. शेवटी बांधलेली कात्री मंद झोके घेत होती.

“वहिनी, ओला स्वेटर दोरीवर टांगू नका असं तू गिऱ्हाइकांना का सांगतेस?”

“ओढ बसते म्हणून. वाढतो तो.” बोलता बोलता वहिनींची नजर कात्रीवर गेली. त्यांनी गळ्याला हात लावला. “अगं बाई! दोन वर्षं मी हिला गळ्यात टांगून फिरतेय.”

“आपली चूक कळली का तुला? भिंत आपण टेपने मोजली आणि टेबल मोजलं तोंडपाठ. दोन्ही एकाच टेपने मोजायला हवी होती. मोजली असती तर तिथेच कळलं असतं. टेबल त्र्याण्णव, भिंत पंचाण्णव.”

“म्हणजे बसतंय?”

“बसतंय.”

वहिनी खुर्चीवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता एकदम थांबल्या. “अगं, पण दोन वर्षांचे कपडे? शाळेचे सगळे गणवेश? सगळे चुकले की!”

वन्संनी शांतपणे विचार केला. “नाही चुकले. पोराची छाती मोजली याच टेपने आणि कापड कापलं तेही याच टेपने. छाती चोवीस लिहिली असेल, खरी पंचवीसच्या जवळ असेल. कापडही तेवढंच मोठं कापलं गेलं. मापाचं नाव चुकलं, माप नाही चुकलं.”

“देवा! तुझ्या त्या नियमाने तारलं.”

“त्या नियमानेच बुडवलं होतं. दुसरी टेप घरात असती तर केव्हाच कळलं असतं.”

तरी खात्री हवी होती. शेजारच्या कापडवाल्याकडे मीटरची पितळी पट्टी होती. दोघी त्याच्याकडे गेल्या आणि पट्टीला टेप लावली. मीटर म्हणजे एकोणचाळीस इंच आणि वर थोडं. यांच्या टेपवर जेमतेम अडतीस.

कापडवाल्याने पट्टीकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं आणि हात जोडले. “दोन वर्षं ही बाई मला चोर म्हणतेय. ‘कापड कमी भरतं, कापड कमी भरतं!’”

“चोर नव्हते हो म्हणत,” वहिनी म्हणाल्या. “हात आखडता आहे, एवढंच म्हणत होते.”

“आणि मी दर खेपेला वीतभर जास्त कापून देतोय! म्हटलं, यांच्या तोंडाला कोण लागणार?”

“चुकलं आमचं,” वन्संनी सरळ सांगितलं. “जास्त दिलेल्या कापडात तुमच्या दुकानाचे पडदे शिवून देते.”

त्या गिऱ्हाइकांशीही शक्यतो बोलत नसत, त्यामुळे कापडवाला एवढा चकित झाला की त्याने पडद्यांचा रंगही लगेच सांगून टाकला.

गुरुवारी अकराला पाच कमी असताना दोघी ऑफिसात हजर होत्या. फाईलवाला रात्रभर झोपला नसावा. त्याने साइटवरच्या इंजिनिअर बाईंना पोलादी टेप घेऊन बोलावून ठेवलं होतं.

“ताई, आम्ही परत मोजलं. अठ्ठ्याण्णवच आहे, शपथेवर सांगतो.”

“आहेच मुळी,” वहिनी म्हणाल्या. “काल तुम्ही प्लास्टर कशाला मध्ये आणलंत?”

“तुम्ही इतक्या ठामपणे बोलत होता, की मलाच वाटलं आमचं चुकलं.”

इंजिनिअर बाई खो खो हसल्या. सह्या करून घेणाऱ्या कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. “खरेदीदार दोघी. नातं?”

“नणंद-भावजय.”

“एकाच घरात? आपखुशीने?”

“अहो, लिहा तुम्ही,” वन्सं म्हणाल्या. “आमची खुशी आम्ही मोजून घेतलीय.”

शनिवारी टेबल आलं. हमालांनी पाय वेगळे आणि फळी वेगळी अशी वर चढवली, आणि पाय जोडून टेबल खिडकीखाली भिंतीला लावलं. एका बाजूला बोटभर जागा उरली आणि दुसऱ्या बाजूलाही बोटभर. वहिनींनी दोन्हींकडे बोट घालून पाहिलं. हमाल गेले. एक पाय जरासा डगमगत होता, म्हणून वन्सं पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन टेबलाखाली शिरल्या.

बऱ्याच वेळाने वहिनींच्या लक्षात आलं, की वन्सं बाहेर आल्याच नाहीत. त्यांनी वाकून पाहिलं. वन्सं थंडगार फरशीवर, दंडाची उशी करून, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपल्या होत्या. पुठ्ठा हातातच होता.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनींनी तो घाईघाईने उचलला.

“आई, बसलं का टेबल?”

“हळू बोल. तुझी आत्या झोपलीय.”

“आत्या? भर दुपारी? बरी आहे ना?”

“बरी आहे,” वहिनी म्हणाल्या, आणि खिडकीचं एक दार उजेड डोळ्यांवर येणार नाही इतपत लोटून घेतलं. “आता बरी आहे. संध्याकाळी फोन कर.”