बशीत उतरलेला प्रकाश

"वाकलं! वाकलं!" हॉलभर एकच गलका झाला. तराजूचं डावं पारडं खरंच खाली गेलं होतं. त्या पारड्यात बशीभर पांढरे खडे, दुसऱ्यात वजनं, वर झगझगीत दिवा. बैठक सुरू झाली तेव्हा दोन्ही पारडी बरोबरीत होती.

"पाहिलंत? प्रकाशाचं वस्तुमान झालं!" ऊर्जागुरू गरजले. "पर्वताआडही न अडणारी ऊर्जा ही! तुमच्या देहात मुरेल, मांस होईल. सोडा श्वास, जोरात!"

खिडक्या बंद, आणि माणसं भात्यासारखी फुसफुसताहेत. माझं टाळकंच सटकलं. शेजारी ताई हात जोडून बसली होती. भाची तिच्या खांद्यावर मान टाकून सारखी पाणी मागत होती. पोरीला इन्सुलिनवाचून चालत नाही. वजन घटलं म्हणून ताईनं तिला इथे आणलं आणि गुरूंच्या शब्दावर कालपासून इंजेक्शन बंद केलं.

"ताई, ऊठ. आधी दवाखाना."

"ऊर्जेचं वस्तुमान होतं, हे तूच सांगायचास ना? मग गुरूंनी केलं तर तुझ्या पोटात का दुखतं?"

होतंच की! मी किरणोपचाराच्या यंत्रावर काम करतो. तिथे जोरकस किरणांतून इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट भाराचा जुळा भाऊ जन्मतो. पण त्यांचं वजन कुठल्या तराजूला कळणार?

"अगं, एका ग्रॅमला अडीच कोटी युनिट वीज लागेल! शिवाय त्यातला निम्मा माल उलटा. तो साध्या पदार्थाला भेटला की दोन्ही नाहीसे, आणि सगळी ऊर्जा परत. गुरूंच्या दाढीसकट आख्खं गाव उडालं असतं."

"आकडे ठेव तुझ्यापाशी. मला डोळ्यांनी दिसतंय."

पालथ्या घड्यावर पाणी! मी तडक मंचावर चढलो, बशी उचलली आणि तिरकी केली. पाणी टपटप गळलं.

"हे खडे हवेतली ओल पितात. यंत्राच्या खोलीत आम्हीही ठेवतो. तुमच्याच श्वासातलं पाणी आहे हे!"

"प्रकाशाचे आनंदाश्रू!" गुरू म्हणाले, आणि लोकांनी हात जोडले. कपाळ बडवावं की काय!

"बरं, मग काचेच्या बरणीत खडे घालू, झाकण घट्ट लावू. प्रकाश आत जाईल, ओल जाणार नाही. वाढवा वजन!"

"ऊर्जेला झाकण सोसत नाही."

"पर्वत सोसतो, आणि बरणीचं झाकण सोसत नाही?"

गुरूंनी पुढचा नंबर पुकारला. ते प्रश्न टाळताहेत हे ताईच्या ध्यानात आलं; ती उठली. पोरीला सावरत म्हणाली, "चल, गाडी काढ."

दारात एक बाप आजारी मुलाला घेऊन उभा होता. "अहो, तुम्हीही चला," मी विनवलं. "आमचा नंबर आलाय," म्हणत तो आत गेला.

"आणखी उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. ताई ढसाढसा रडली. मला राहून राहून तो बाप आठवत होता. बाबांनो, श्रद्धा कुणावर ठेवायची ती ठेवा. पण औषध बंद करा म्हणणाऱ्याला आधी पुरावा मागा, आणि तो देईपर्यंत पोराचं औषध चालू ठेवा.